मोरीचा नकाशा

ग्लासगो स्कूल ऑफ आर्टचं जुनं दप्तर सध्या ज्या इमारतीत आहे तिचं नाव ‘व्हिस्की बॉन्ड’. १९५७ साली ती बांधली गेली ती व्हिस्कीसाठी. कर भरला जाईपर्यंत माल तिथे सरकारी कुलपात पडून असायचा. पुढे व्हिस्की गेली, चित्रकारांचे स्टुडिओ आणि छोटी छोटी ऑफिसं आली, आणि २०१४ साली शाळेच्या इमारतीला लागलेल्या आगीनंतर कलाशाळेचे कागदही तिथेच मुक्कामाला आले. आपल्याकडे कलाशाळेचं दप्तर दारूच्या गोदामात हलवायचं ठरलं असतं तर निदान एक मोर्चा निघाला असता, आणि त्या मोर्चात ‘कागद वाचवा’ म्हणणारे किती आणि ‘गोदाम वाचवा’ म्हणणारे किती, हे छातीठोकपणे सांगता आलं नसतं. स्कॉटिश माणसं अशा बाबतीत व्यवहारी. जागा ऐसपैस आहे, इमारत भक्कम आहे, झालं तर मग. शिवाय व्हिस्की काय नि कागद काय, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेलं दोघांनाही मानवतं.

या दप्तरात शाळेच्या सभांची इतिवृत्तं आहेत, विद्यार्थ्यांच्या नोंदवह्या आहेत, कापडावरच्या नक्ष्या आहेत, फोटो आहेत, प्लॅस्टरचे पुतळे आहेत. आणि इमारतींचे नकाशे आहेत. नकाशांच्या जाती दोन. पहिली देखणी. तीत इमारत तिरक्या कोनातून दिसते, वर हलके ढग असतात, पायरीवर छत्रीवाली बाई उभी असते आणि इमारतीची जी बाजू जमली नाही तिच्यापुढे नेमकं एक डेरेदार झाड असतं. दुसरी जात रुक्ष. दारांची यादी, खिडकीच्या चौकटीचा छेद, पायरीची उंची, पन्हळीचा उतार, सांडपाण्याचा नळ कुठून निघून कुठे जातो त्याची तुटक रेषा. पहिल्या जातीला काचेची फ्रेम मिळते, तिच्यावर मंद दिवा सोडतात, लोक तिच्यासमोर मान कलती करून उभे राहतात. दुसरी कपाटात पडून असते. माझा जीव या दुसरीवर आहे. कलेचं मला वावडं आहे असं नाही. पण वय वाढलं तसं माणसाला ढगांपेक्षा पन्हळीचं महत्त्व जास्त कळायला लागतं.

ग्लासगोच्या या शाळेची गोष्टच पाहा. १८९६ साली शाळेला नवी इमारत हवी होती. फ्रान्सिस न्यूबेरी हे संचालक. जागा मिळाली ती डोंगरउताराची, रस्त्याच्या एका अंगाला चढ तर मागे थेट दरी म्हणावी असा उतार. हाताशी पैसे होते १४,००० पौंड. गावातल्या वास्तुकारांची स्पर्धा लावली. वास्तुकारांनी अटी वाचल्या, मागण्यांची यादी वाचली, आकडा वाचला आणि कळवलं की एवढ्यात एवढं होणार नाही. यावर नियामक मंडळाने जो तोडगा काढला तो वाचून मला ती माणसं एकदम आपली वाटायला लागली. त्यांनी सांगितलं, आराखडा पूर्ण इमारतीचा काढा, आणि १४,००० पौंडांत त्यातलं कुठपर्यंत होईल तिथे खूण करा. म्हणजे आधी एवढं बांधू, उरलेलं देवाची इच्छा असेल तेव्हा. गावाकडे ‘वरचा मजला पुढे घेऊ’ म्हणत स्लॅबवर सळया उभ्या सोडलेली घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

स्पर्धा जिंकली ‘हनीमन अँड केपी’ या फर्मने. आराखडा होता त्यांच्याकडे नोकरीला असलेल्या, तेव्हा तिशीही न गाठलेल्या चार्ल्स रेनी मॅकिन्टॉशचा. हा पोरगा याच शाळेच्या संध्याकाळच्या वर्गात शिकलेला, बाप पोलिसात. इमारतीचा पहिला अर्धा भाग १८९९ मध्ये उभा राहिला. उरलेल्या अर्ध्याला १९०७ उजाडलं आणि तो १९०९ मध्ये संपला. मधल्या आठ-दहा वर्षांत मॅकिन्टॉश दहा वर्षांनी मोठा झाला होता, फर्मचा भागीदार झाला होता, आणि मंजूर कागदाला चिकटून राहायची त्याची इच्छा मुळात जेवढी होती तीही उरली नव्हती. पश्चिमेकडचा भाग, जिथे पुढे जगप्रसिद्ध झालेलं ग्रंथालय आलं, तो त्याने नव्याने काढला. काम चालू असताना बदल करायची त्याला खोड होती. १९०८ च्या सुरुवातीला बांधकाम समितीच्या लक्षात आलं की पश्चिमेच्या प्रवेशद्वाराशी जे काही चाललंय ते सही झालेल्या नकाशात आणि अंदाजपत्रकात नाही आणि फार खर्चिक आहे. काम थांबवा, असं सांगितलं गेलं. इतिवृत्तात हे सगळं गंभीर भाषेत नोंदलेलं आहे. आज जगभरचे वास्तुकलेचे विद्यार्थी ज्या पश्चिमेच्या बाजूपुढे हात जोडतात, तिच्या दारापाशी समितीने लाल शेरा मारला होता.

मला दोन्ही बाजूंची दया येते. समितीतल्या सभ्य गृहस्थांनी साधीसुधी इमारत मागितली होती, आणि मॅकिन्टॉशने खरोखर तशीच दिली होती. उत्तरेकडच्या स्टुडिओंच्या खिडक्या पाहा. चित्रकाराला उत्तरेचा उजेड लागतो म्हणून त्या प्रचंड केल्या. एवढ्या काचा पुसणार कोण आणि कसा, तर बाहेर लोखंडी वळणदार ब्रॅकेट बसवले. खिडक्या पुसणाऱ्याला फळी टेकवायला त्यांचा आधार. त्या ब्रॅकेटांच्या टोकांना लोखंडाच्या गुंफलेल्या गाठी आहेत, प्रत्येक थोडी वेगळी. कलासमीक्षक त्या गाठींवर पानंच्या पानं लिहितात. फळी टेकवणाऱ्यावर कुणी ओळ लिहिलेली नाही. पण ब्रॅकेटचं कागदावरचं कारण फळी आहे, गाठ नंतरची. रुक्ष नकाशात ही फळी दिसते, देखण्या चित्रात फक्त गाठ.

कागदाचं सांगायचं तर त्याचे नखरेही कमी नाहीत. जुने आराखडे पुष्कळदा ट्रेसिंग क्लॉथवर काढलेले असत. तलम सुती किंवा तागाचं कापड, त्याला खळ देऊन, दाबून, गुळगुळीत आणि पारदर्शक केलेलं. त्यावर काळ्या शाईने ओढलेली रेष इतकी धारदार येते की शंभर वर्षांनीही बोटाला लागेल असं वाटतं. पण पाण्याचा एक थेंब पडला की खळ सुटते आणि त्या जागी पांढरट डाग येतो. घाम गाळून काम करणाऱ्या ड्राफ्ट्समनला कपाळावरचा घाम कागदावर गाळायची मुभा नव्हती. जुने लोक सांगतात, वाया गेलेलं ट्रेसिंग क्लॉथ घरी नेऊन उकळलं की शाई-खळ निघून जाऊन उत्तम रुमाल व्हायचे. किती चर्चची शिखरं आणि किती गिरण्यांचे जिने अशा रीतीने नाक पुसण्यात गेले असतील त्याचा हिशेब कुठल्याच दप्तरात सापडणार नाही.

ब्लू प्रिंटचं वागणं तर त्याहून चमत्कारिक. ही पद्धत १८४२ साली जॉन हर्शेल यांनी शोधली. निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेषा. फार उजेडात ठेवली की तिचा निळा रंग उडतो. पण तीच प्रत पुन्हा अंधारात ठेवली तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे गेलेला निळा बराचसा परत येतो. प्रदर्शनाच्या दगदगीने फिकी पडलेली शीट कपाटात विश्रांती घेऊन टवटवीत होते, हे मला फार आवडलं. आणखी एक गोष्ट. जुने कागद आम्लाने खराब होतात म्हणून ते ठेवायच्या खोक्यांत, आवरणांत चुनखडी मिसळून ती मुद्दाम अल्कलीयुक्त करतात. इतर बहुतेक कागदांना हे औषध लागू पडतं. ब्लू प्रिंटला तेच विष, तिचा रंग त्यानेच जातो. म्हणून तिला वेगळी, साधी आवरणं. नंतर आलेल्या अमोनिया प्रिंट आणखी त्रासदायक, त्या स्वतः वायू सोडतात आणि शेजारच्या कागदाला पिवळं करतात, म्हणून त्यांची पंगत निराळी. एका कपाटात नांदणाऱ्या या मंडळींमध्ये कुणाला काय चालतं आणि कुणाचं कुणाशी पटत नाही हे ध्यानात ठेवणाऱ्या अभिलेखपालाला एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेचा अनुभव असणार.

तर, २३ मे २०१४. विद्यार्थी पदवी प्रदर्शनाची मांडामांड करत होते. एका कलाकृतीसाठी वापरलेल्या फेसाळ रसायनातून निघालेला ज्वलनशील वायू प्रोजेक्टरच्या उष्णतेने पेटला. आग पसरली ती कशी? मॅकिन्टॉशच्या काळात इमारत उबदार ठेवायला गरम हवा खेळवायची सोय होती, भिंतींमधून उभ्या पोकळ्या, हवेच्या वाटा काढलेल्या होत्या. ती सोय केव्हाच बंद पडली, पोकळ्या तशाच राहिल्या. शंभर वर्षं कुणी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आगीने पाहिलं. तळाशी लागलेली आग त्या वाटांनी वर चढली आणि ग्रंथालय गेलं.

हवेच्या त्या नळाच्या रेषेसमोर मान कलती करून कुणी कधी उभं राहिल्याचं मी ऐकलेलं नाही. ग्रंथालयाचे मात्र हजारो फोटो होते. काळ्या लाकडाचे उंच खांब, वरून लोंबणारे पितळी दिवे, खालची टेबलं, सगळं जगभरच्या पुस्तकांत. पण ते पुन्हा उभारायची वेळ आली तेव्हा फोटोतून सुताराच्या कामाचं फार थोडं निघालं. खांब दिसतो, पण तो एका लाकडाचा आहे की तुकडे जोडून केलेला? जोड कसा बसवला? पाठीमागे काय आहे? कागदावर होतं त्यापुढे उत्तरं मिळवायला शेवटी जळलेल्या खोलीत चौकोन आखून पुरातत्त्वाच्या उत्खननासारखी राख चाळावी लागली. दिव्यांचे वितळलेले, वाकडे तुकडे वेचून एकत्र लावले गेले. लाकूड कुठलं याचा छडा लावला तेव्हा ते ट्यूलिपवुड निघालं. अमेरिकेतून येणारं, फारशी मिजास नसलेलं लाकूड, गडद रंग देऊन सजवलेलं. आयुष्यभर भारदस्त वाटलेल्या माणसाचा पगार निवृत्तीच्या दिवशी कळावा तसा हा प्रकार झाला असणार. पण माझा मॅकिन्टॉशबद्दलचा आदर त्याने वाढला. १४,००० पौंडांच्या सवयीचा माणूस तो.

दप्तरातले कागद बरेचसे जगले, भिजले मात्र. आगीतून वाचलेल्या कागदाचा खरा शत्रू म्हणजे आग विझवणारं पाणी, आणि ट्रेसिंग क्लॉथचं पाण्याशी काय नातं असतं ते वर आलंच आहे. ते सुकवायचं, सपाट करायचं, नोंदवायचं काम पुढे वर्षानुवर्षं चाललं. इमारतीचंही काम चाललं, ते संपत आलं, आणि १५ जून २०१८ च्या रात्री ती पुन्हा पेटली. या वेळी आतलं जवळजवळ सगळं गेलं, दगडी कवच तेवढं उरलं. अग्निशमन दलाने साडेतीन वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये, अहवाल दिला. इतका नाश झाला होता की कारण ठरवता आलं नाही. या दुसऱ्या आगीच्या वेळी दप्तर त्या इमारतीत नव्हतं. ते दारूच्या गोदामात सुखरूप होतं.

इमारत गेली, कागद राहिला. आपल्या अजिंठ्याच्या बाबतीत नेमकं उलटं झालं होतं. ग्लासगोची शाळा १८४५ मध्ये सरकारी ‘स्कूल ऑफ डिझाइन’ म्हणून निघाली. जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत निघालेली आपली जे. जे. त्याच ब्रिटिश कलाशिक्षणाच्या साच्यातली. दोन्हीकडे ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रती आणून उभ्या केलेल्या आणि पोरांना त्यांच्यासमोर पेन्सिल देऊन बसवलेलं. जे. जे.च्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्या सुरक्षित राहाव्यात म्हणून लंडनला, साउथ केन्सिंग्टनला पाठवल्या. १८८५ मध्ये तिथे आग लागली आणि त्यातल्या पुष्कळशा जळाल्या. त्याच्याही आधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या प्रती लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या, तिथे १८६६ च्या डिसेंबरात आग लागली आणि त्याही बहुतेक गेल्या. वाघुर नदीच्या काठी, वटवाघळं, ओल आणि पर्यटक सोसत मूळ चित्रं जशी जमतील तशी टिकून आहेत. सुरक्षित म्हणून जिथे धाडावं तिथेच नेमकी काडी पडते, हे त्यातून निघतं की काय कोण जाणे. ग्रिफिथ्स यांचं काम थोडंफार वाचलं, आणि ते दोन खंडांत छापूनही ठेवलं गेलं.

मॅकिन्टॉशची आणखी एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९०१ मध्ये एका जर्मन मासिकाने कलारसिकासाठी घर काढा अशी स्पर्धा ठेवली. मॅकिन्टॉश आणि त्याची बायको मार्गारेट मॅकडोनाल्ड यांनी मिळून अप्रतिम चित्रं केली. पण आतल्या खोल्यांची जेवढी हवी होती तेवढी वेळेत दिली नाहीत, म्हणून ती स्पर्धेतून बाद झाली. मागाहून पुरी करून दिली तेव्हा मासिकाने खास बक्षीस दिलं आणि १९०२ मध्ये छापली. त्या वेळी घर बांधायचा कुणाचाच विचार नव्हता, ना काढणाऱ्याचा ना काढून घेणाऱ्याचा. जवळजवळ नव्वद वर्षांनी ग्लासगोतल्या एका इंजिनियरच्या मनात आलं की हे घर बांधावं. १९८९ मध्ये बेलाहाउस्टन पार्कात पाया खणला, १९९६ मध्ये घर उघडलं. मधल्या सात वर्षांतली काही तरी कशात गेली असतील त्याचा अंदाज येतो. चित्रात भिंत आहे, पण किती जाडीची? खिडकी बाहेरून एका ठिकाणी दिसते, आतून दुसऱ्या. कलारसिकाला आंघोळ करावीशी वाटली तर पाणी कुठून येणार? पहिल्या जातीच्या नकाशावरून घर बांधायला बसलं की हे असं होतं. पत्रिका जुळली म्हणून लग्न ठरवलं आणि नवरामुलगा काय काम करतो ते विचारायचं राहून गेलं. या कोड्यांची उत्तरं शोधणाऱ्यांमध्ये अँडी मॅकमिलन होते, शाळेच्या वास्तुविभागाचे प्रमुख. घर आता छान उभं आहे. तिथे चहा मिळतो आणि लग्नं लागतात.

खुद्द मॅकिन्टॉशला यातलं काही दिसलं नाही. त्याने १९१४ मध्ये ग्लासगो सोडलं, १९२८ मध्ये लंडनमध्ये गेला. मार्गारेट १९३३ मध्ये गेली तेव्हा दोघांच्या स्टुडिओंतल्या सगळ्या सामानाची किंमत लावली गेली ८८ पौंड १६ शिलिंग २ पेन्स. शिलिंगापर्यंत ठीक होतं. वरचे दोन पेन्स कशाचे धरले असतील या विचाराने मला अस्वस्थ केलं आहे. आज त्याच्या चित्रा-आराखड्यांची सगळ्यांत मोठी ठेव ग्लासगो विद्यापीठाच्या हंटेरियन संग्रहालयात आहे आणि तिची किंमत लावायला कुणी धजत नाही.

मॅकमिलन यांचं नाव निघालं तर त्यांच्या स्वतःच्या कामाचंही सांगायला हवं, कारण तेही याच दप्तरात आहे. ते आणि आयझी मेट्झस्टीन हे ‘गिलेस्पी, किड अँड कोया’ या फर्ममधले दोन खांब. मेट्झस्टीन बर्लिनमध्ये जन्मलेला ज्यू मुलगा. १९३९ मध्ये नाझी जर्मनीतून ज्यू मुलांना बाहेर काढणाऱ्या गाडीतून ब्रिटनमध्ये आला, १९४५ मध्ये फर्ममध्ये उमेदवारीला लागला. या दोघांनी कॅथलिक चर्चसाठी एकाहून एक धाडसी इमारती काढल्या. धाडसी इमारत म्हणजे जिचं छप्पर सपाट असतं आणि देश पावसाचा असतो. त्यातली सगळ्यांत गाजलेली म्हणजे कार्ड्रॉसचं सेंट पीटर्स, पाद्री घडवणारं विद्यालय, १९६६ मध्ये पूर्ण झालेलं. काँक्रीटचे एकावर एक सरकत गेलेले मजले, आत प्रार्थनास्थळावर वरून उतरणारा उजेड. शंभरेक विद्यार्थ्यांसाठी बांधलं आणि नेमकं त्याच सुमारास दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने वारं बदललं. पाद्री लोकांत राहून शिकावेत, असं ठरू लागलं. इमारत कधी भरलीच नाही. गळायला मात्र लागली, सांभाळायला महाग पडायला लागली. १९८० मध्ये विद्यालय बंद. १९९२ मध्ये तिला सर्वोच्च श्रेणीची वारसा इमारत म्हणून मान मिळाला, तोवर पोरांनी भिंती रंगवून, काचा फोडून तिचा उकिरडा केला होता. सन्मान आणि छप्पर यांची कधी गाठ पडली नाही. वाचवायचे प्रयत्न झाले, फसले. शेवटी २०२० मध्ये चर्चने ती एका ट्रस्टला फुकट देऊन टाकली. जगातल्या मान्यवर वास्तुकृतींपैकी एक, विनामूल्य, घेणाऱ्याने न्यावी.

आणि दप्तरात तिचे नकाशे कोरे करकरीत. त्यात पाऊस पडत नाही. पण मला त्या देखण्या छेदांपेक्षा फर्मच्या कामाच्या फायली जास्त मोलाच्या वाटतात. पत्रव्यवहार, मोजमापं, हे बदला ते बदला, कंत्राटदाराला कळवा. वास्तुकाराच्या कचेरीत कला हा दिवसातला पाव तास असतो. उरलेला वेळ कुणी ना कुणी दाराच्या बिजागरीबद्दल विचारत असतो. त्या पाव तासाचा पुरावा सगळेच जपून ठेवतात. बिजागरीचा पुरावा ठेवणारं दप्तर विरळा.

बिजागरीचं आणि नळाचं महत्त्व मला पटलं ते मात्र ग्लासगोमुळे नव्हे, आमच्या सोसायटीमुळे. चौथ्या मजल्यावरच्या मोरीतलं पाणी तिसऱ्याच्या स्वयंपाकघरात उतरायला लागलं. प्लंबर आला. त्याने भिंतीवर इथे-तिथे हातोडीने टकटक केली, कान लावला आणि विचारलं, ‘काका, लाइन कुठनं गेलीय?’ या प्रश्नाला उपस्थित चौघांनी चार दिशांना हात केले. सेक्रेटरींनी कपाटातली फाइल आणली. तीत पहिल्या जातीचा नकाशा निघाला, बिल्डरने जाहिरातीसाठी केलेला, रंगीत. इमारतीपुढे ताडाची झाडं, आमच्यापैकी कुणाकडेच नसलेली लाल गाडी, आकाशात पाच पक्षी. नळ एकही नाही. मग महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशाची प्रत निघाली. त्यात ड्रेनेज लाल तुटक रेषेने दाखवलेलं असतं म्हणे. आमची प्रत झेरॉक्स, काळीपांढरी, तीही घडीवर फाटलेली, त्यामुळे लाल तुटक आणि काळी तुटक यांत संपूर्ण अद्वैत. मूळ प्रत कुणाकडे असेल याची चौकशी पहिल्या चेअरमनपर्यंत पोचली आणि ते वारल्याचं आठवून तिथेच थांबली. प्लंबरने मग अंदाजाने भिंत फोडली. तिथे नळ नव्हता. दुसरीकडे फोडली, तिथे विजेची वायर होती. तिसऱ्यांदा सापडला, पण तो कोरडा, कुणीतरी कधीतरी बंद करून टाकलेला. सगळं निस्तरेपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी बोलणं टाकलं होतं.

या प्रकारानंतर वार्षिक सर्वसाधारण सभेत मी सूचना मांडली की पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या सगळ्या लाइन मोजून त्यांचा एक नीट नकाशा करून घ्यावा आणि त्याच्या तीन प्रती तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. ग्लासगोचा दाखला दिला. मॅकिन्टॉशचं नाव ऐकून त्याच नावाच्या रेनकोटचा आणि याचा काही संबंध आहे का असं एकाने विचारलं; त्यालाही उत्तर दिलं. सूचना तत्त्वतः सर्वांना पटली. कोटेशनं मागवायचं ठरलं. मग दुसऱ्या मजल्यावरचे एक सभासद उठले आणि म्हणाले की नकाशा करायचाच तर इमारत आज आहे तशी दाखवणार की मंजूर झाली तशी? कारण आज आहे तशी दाखवली तर बंदिस्त करून घेतलेल्या सगळ्या बाल्कन्या त्यात येणार, पार्किंगमधली खोली येणार, गच्चीवरची शेड येणार, आणि हा कागद उद्या कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. सभागृहात बराच वेळ कुणी बोललं नाही. मग चेअरमननी घड्याळ पाहिलं, गणसंख्या मोजली आणि गणसंख्येअभावी सभा तहकूब केली. इतिवृत्तात तेवढंच आलं आहे.